म्हातारपण विकणे नाही

आमच्या धक्क्यावर ठेकेदाराने नोटीस लावलीय. वर ठळक अक्षरात ‘कामगारांच्या हितासाठी’. मालक आपलं हित करायला निघाला की आधी खिसा चाचपावा, ही अक्कल मला दहावीच्या पुस्तकाने दिली नाही. हुकाने दिली.

नोटीस अशी. पगार तोच, महिना २१,००० रुपये. आजवर त्यातल्या १५,००० वर प्रॉव्हिडंट फंडाची आणि पेन्शनची वर्गणी भरली जायची. आता पगाराचे दोन तुकडे. १०,५०० मूळ पगार आणि १०,५०० भत्ते. घरभाडं भत्ता, प्रवास भत्ता, धुलाई भत्ता, आणि ज्याला नाव सुचलं नाही तो विशेष भत्ता. वर्गणी फक्त मूळ पगारावर. म्हणजे दर महिन्याला प्रत्येकाच्या हातात ५४० रुपये जास्त. ज्यांना मंजूर आहे त्यांनी मुकादमाकडच्या संमतीपत्रावर सही करावी, नाही तर अंगठा.

दोनशे माणसं आहोत आम्ही. निम्म्यांनी सही केली. मी केलेली नाही आणि करणार नाही. का नाही, ते सांगायला हे लिहितोय.

तुमच्यातले काही जण आत्ताच नाक मुरडतील. म्हणतील, आपलं मासिक आग ओकणारं, त्यात हे पीएफ-पेन्शनचं काय लावलंय? हे काम युनियनच्या कारकुनाचं. अरे दोस्तांनो, मीही कविता लिहितो. आपल्या कवितांत रक्त असतं, सूर्य असतो, वस्ती असते, पेटलेलं शहर असतं. पण साठीतला माणूस असतो का? ज्याच्या मणक्याचा चुरा झालाय, ज्याला दर महिन्याला गोळ्या लागतात आणि गोळ्यांसाठी जो सुनेच्या तोंडाकडे बघतो, तो म्हातारा आपल्या ओळींत येत नाही. आपण सगळे कायम पंचविशीतच राहणार असल्यासारखे लिहितो. मालक मात्र आपल्या साठीचा हिशोब आजच करून बसलाय. त्याने केलाय, तर आपणही करू.

हे ५४० रुपये कुठून आले? मालकाच्या तिजोरीतून नाही. १५,००० वर माझे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जायचे आणि माझ्याच नावावर फंडात व्याजासकट पडायचे. आता १०,५०० चे १२ टक्के, १,२६०. उरलेले ५४० माझ्या हातात. म्हणजे माझ्या एका खिशातले काढून दुसऱ्या खिशात घातले. यात मला मिळालं काय? कवडी नाही.

आता मालकाची बाजू बघा. तोही १२ टक्के भरतो. आधी १,८०० भरायचा. त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शनच्या खात्यात आणि ५५० माझ्या फंडात. आता तो १,२६० भरणार. ८७५ पेन्शनला, ३८५ फंडाला. त्याचेही ५४० वाचले. पण ते त्याने माझ्या हातात दिले का? नाही. ते त्याच्याकडेच राहिले. दोनशे माणसांचे महिन्याला १,०८,००० रुपये. वर्षाला १२,९६,०००. आणि ही लूट आम्हीच सही करून त्याच्या हवाली करायची, वर ‘शेठने पगार वाढवला’ म्हणून चहा पाजायचा.

आता पुढचं. १९९५ च्या पेन्शन योजनेचा हिशोब साधा आहे. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे ज्यावर वर्गणी भरली तो. ठेकेदारीत मधली वर्षं तुटतात, ती सोडून देऊ. माझी २६ वर्षं धरा. वीसच्या वर नोकरी करून ५८ व्या वर्षी निघालं की दोन वर्षं जास्त धरतात, म्हणजे २८. पगार १५,००० धरला तर पेन्शन ६,००० रुपये. १०,५०० धरला तर ४,२००. महिन्याला १,८०० रुपये गेले. आणि ते मरेपर्यंत गेले. माझ्यानंतर बायकोच्या पेन्शनमधूनही गेले.

धक्क्यावर मी हे खडूने कंटेनरवर लिहून दाखवलं. तर एक जण म्हणाला, “आपल्यात अठ्ठावन्नपर्यंत जगतो कोण? पोटात आज भूक हाये, आन् तू म्हातारपणाचं सांगतो.”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. कारण तो खरा आहे. आमच्या टोळीतली माणसं धुळीने खोकून मरतात, दारूने मरतात, तुटलेल्या स्लिंगखाली मरतात. पण म्हणूनच तर हे नीट समजून घ्या. या योजनेत माणूस नोकरीत असताना मेला आणि त्याची एका महिन्याची जरी वर्गणी भरलेली असली, तरी विधवेला पेन्शन आहे. पंचवीस वर्षांची होईपर्यंत दोन पोरांना आहे. म्हणजे जो अठ्ठावन्नपर्यंत जगणार नाही असं म्हणतो, त्याच्याच बायकोला ही पेन्शन सगळ्यात आधी लागणार. त्याने स्वतःच्या मरणाचा सौदा केला असं त्याला वाटतं, पण विकतोय तो तिच्या हक्काचे पैसे. तिला विचारलंय का? संमतीपत्रावर तिच्या अंगठ्याला जागा आहे का?

मुनीम आणखी हुशार. तो म्हणतो, पेन्शन शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरीवर ठरते, तुम्ही तरणी पोरं, आत्ता कमी भरलं तर काय बिघडलं? शेवटच्या पाच वर्षांत वाढवून घ्या. हे अर्धं खरं आहे. २०१४ च्या सप्टेंबरपर्यंत शेवटच्या बारा महिन्यांची सरासरी धरत, तेव्हापासून साठ महिन्यांची केली. पण मला असा एक ठेकेदार दाखवा ज्याने त्रेपन्न वर्षांच्या हमालाचा पगार वाढवला. त्रेपन्नाव्या वर्षी आमच्या माणसाला हलकं काम नाही म्हणून घरी बसवतात. त्याच्या पाळ्या कमी होतात. आज माझ्या दंडात जोर आहे, दोनशे माणसं एकत्र आहेत, आत्ता जर मी १५,००० राखू शकत नसेन, तर गुडघे गेल्यावर एकटा राखणार काय? कप्पाळ!

माझ्या बापाचं सांगतो. दया म्हणून नाही, पुरावा म्हणून. म्हातारा एकतीस वर्षं याच धक्क्यावर. गोण्या, लोखंडी पत्रे, कॉइल, काय म्हणाल ते. एकतीस वर्षांत ठेकेदाराच्या चार पाट्या बदलल्या. माणसं तीच, मुकादम तोच, फक्त पाटी नवी. दर वेळी मुनीम कागद पुढे करायचा, ‘जुना हिशोब मोकळा करा’ म्हणायचा. पैसे हातात यायचे. कधी बहिणीचं लग्न, कधी पत्र्याचं घर. पेन्शन बसायला दहा वर्षं भरावी लागतात. दहाच्या आत पैसे काढले की ती वर्षं पुसली जातात. न काढता स्कीम सर्टिफिकेट घेतलं तर वर्षं शिल्लक राहतात आणि पुढच्या नोकरीत जोडली जातात. हे बापाला कुणी सांगितलं नाही. मुनिमाला माहीत होतं. कागद छापील होता आणि बाप अंगठेबहाद्दर.

एकतीस वर्षांची पेन्शन शून्य. मग त्याची पाठ गेली आणि मी आलो. वय १९. दहावीला बरे मार्क होते. मास्तर म्हणाले, पुढे शीक. पुढे शिकायला घरात कमावता माणूस लागतो, नाही तर पेन्शन लागते. दोन्ही नव्हतं. बापाचा हुक खिळ्यावर होता, तो मी काढून घेतला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बापाचं काम पोराने करायचं, त्याला दुसरं दार नाही, याला आपल्याकडे काय म्हणतात? वतन म्हणतात. गावकीत महाराला वतन होतं. वतन म्हणजे काही तुकडा जमीन, थोडं बलुतं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या वतनाविरुद्ध बिल आणलं. लोक म्हणाले, अहो, हातचा तुकडा का घालवता? बाबासाहेबांना दिसत होतं की हा तुकडाच पोराच्या पायात बेडी घालतो. ही कनिष्ठ गाव वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. कागदावरची गेली. पण ज्या घरात म्हाताऱ्याला पेन्शन नाही त्या घरात वतन मागच्या दाराने परत येतं. मुकादम पोराला म्हणतो, “तुझ्या बापाच्या जागी तू ये.” त्यात त्याला आपण उपकार करतोय असंही वाटतं.

सफाई कामगारांचं बघा. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींवरून सत्तरच्या दशकापासून आपल्या राज्यात सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. त्या घराला ती भाकरी आहे, म्हणून मी त्यावर थुंकणार नाही. ती भाकरी कुणी हिसकावायला आला तर त्याच्या आडवा पडेन. पण नीट बघा, सरकार देतंय काय? म्हाताऱ्याची काळजी म्हणून पोराच्या हातात झाडू. कारकुनाचा पोरगा बापाच्या पेन्शनवर पाच वर्षं क्लास लावतो, परीक्षा देतो, नापास होतो, परत देतो. आमच्या पोराला एकदाही नापास व्हायची सवलत नाही. म्हणून मी म्हणतो, पेन्शन हा म्हाताऱ्यांचा प्रश्नच नाही. पेन्शन हा पोरांचा प्रश्न आहे. तुमचा आहे. बापाला पेन्शन असेल तर पोरगं जातीच्या कामातून सुटायला चार-पाच वर्षं मिळतात. तेवढी वर्षं आपल्याला आजवर कुणी दिलेली नाहीत.

आणि पेन्शनचा आकडासुद्धा जातीतूनच येतो. पेन्शन पगारावर. पगार कोणत्या खात्यात घेतलं त्यावर. आणि खातं? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून अस्पृश्याला दार बंद. तो आपला कमी पगाराच्या खात्यात. धागा ओढायचं गेलं, गिरण्याही गेल्या, रीत राहिली. आज कायम माणूस क्रेनवर आणि ठेक्यावरचा माणूस खाली, हे बघा आणि दोघांची आडनावं वाचा.

गोदीलाही हे नवीन नाही. एके काळी इथे टोळीवाल्याचं राज्य होतं. सकाळी फाटकावर उभं राहायचं, टोळीवाला बोट करील तो आत, बाकीचे घरी. लढे झाले, १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. मग नोंदणी झाली, पाळीपाळीने काम मिळू लागलं, हजर राहूनही काम नसेल तर हजेरीचे पैसे मिळू लागले. मुंबईचं गोदी कामगार मंडळ १९९४ साली पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. कंटेनर आले, कायम माणसं घटत गेली, आणि आता फाटकावर पुन्हा टोळीवाला उभा आहे. या वेळी त्याच्याकडे लेटरहेड आहे आणि जीएसटी नंबर.

सरकारनेही मालक म्हणून हेच केलं. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीची जुनी पेन्शन बंद केली, सैन्य तेवढं सोडलं. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून. पेन्शन गेली आणि तिच्या जागी बाजाराचा पाळणा आला, वर गेला तर गेला. तारखांकडे बघा. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्याला पहिल्यांदा ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. तिथून आपली माणसं शिकत, धडपडत कायम नोकरीच्या दाराशी मोठ्या संख्येने पोचायला साठ वर्षं लागली. पोचलो, तर पेन्शनवाल्या नोकरीचं दार बंद झालेलं. उरलं ते ठेक्याचं. ठेक्याला आरक्षणही नाही आणि पेन्शनही चिल्लर.

कायम कर्मचारी लढले. मार्च २०२३ मध्ये राज्यातले लाखो सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सात दिवस संपावर होते. देशभर दडपण वाढलं तेव्हा केंद्राला ऑगस्ट २०२४ मध्ये नवी योजना जाहीर करावी लागली, ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दहा वर्षं नोकरी केलेल्याला महिना किमान १०,००० रुपये. आमच्या १९९५ च्या योजनेतही अट दहा वर्षांचीच, आणि २०१४ साली ठरवलेली किमान पेन्शन महिना १,००० रुपये. दहा वर्षं त्याचीही, दहा वर्षं माझीही. माझ्या म्हातारपणाला एक शून्य कमी. हे शून्य कुणी खाल्लं?

त्या कर्मचाऱ्यांबद्दल माझ्या मनात जळफळाट नाही. मालकाला तोच हवा असतो. कायमवाल्याला सांगायचं, ठेक्यावाले तुझी नोकरी खातात. ठेक्यावाल्याला सांगायचं, कायमवाले फुकट खातात. त्यांनी लढून दाखवलं की सरकारही मागे सरतं. पण त्यांच्या मोर्च्यात त्यांचीच कचेरी झाडणारी ठेक्यावरची मावशी नव्हती, तिला कुणी बोलावलं नव्हतं, हेही मी विसरणार नाही.

आपल्यातलेच काही क्रांतिकारक म्हणतात, पेन्शन मागणं म्हणजे व्यवस्थेला ठिगळ लावणं. हे म्हणणाऱ्याच्या घरी बहुतेक कुणाला तरी पेन्शन असते. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे सांगितलं की आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि हेच बाबासाहेब पुढे मजूरमंत्री म्हणून कामगाराच्या तासांचा, विम्याचा, रजेचा कागद न् कागद तपासत बसले. दोन्ही कामं एकाच माणसाची. नुसती शिवी देऊन शत्रू मरत नाही. त्याची वही वाचावी लागते.

तर वही वाचू. ठेकेदाराने तुकडे बरोबर अर्धे-अर्धे का केले? कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारात धरला जातो. म्हणून त्याने काटा बरोबर निम्म्यावर आणून ठेवला. पण सुप्रीम कोर्टाने २८ फेब्रुवारी २०१९ ला निकाल दिलाय की जो भत्ता सरसकट सगळ्यांना दर महिन्याला मिळतो, तो पीएफसाठी पगारच. आमचा ‘विशेष भत्ता’ दोनशेच्या दोनशे जणांना आहे. मग विशेष कसला डोंबलाचा?

दुसरं. मालकाला पीएफ वा पेन्शनची आपली वर्गणी बदलायची असेल तर कामगारांना २१ दिवस आधी रीतसर नोटीस द्यावी लागते. हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमात होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या ४० व्या कलमातही आहे. भिंतीवर चिकटवलेला कागद आणि ‘पुढच्या महिन्यापासून’, ही नोटीस नव्हे. ही दमदाटी.

म्हणून आमचं ठरलंय. ज्यांनी सही केली नाही त्यांनी करायची नाही. ज्यांनी केली त्यांना शिव्या द्यायच्या नाहीत. ५४० रुपयांची गरज कुणाला पडते ते आम्हाला कळतं. त्यांच्याकडून सही मागे घेतल्याचं पत्र लिहून घ्यायचं, मी लिहून देतोय, आजवर एकवीस झाली. वर्गणी १५,००० वरच हवी. पाटी बदलली तरी माणसाचा पीएफचा नंबर तोच आणि वर्षं सलग हवीत. पैसे काढायचा कागद पुढे करण्याआधी स्कीम सर्टिफिकेट म्हणजे काय ते मराठीत समजावून सांगायला हवं, तेही बायकोसमोर. आणि १,००० ची किमान पेन्शन ही थट्टा बंद व्हायला हवी. ही शेवटची मागणी ठेकेदाराकडे नाही, दिल्लीकडे आहे, आणि तिला दोनशे माणसं पुरणार नाहीत.

तिथे तुम्ही लागता. तुम्ही कुरिअरच्या गोदामात आहात, मॉलच्या दारात गणवेश घालून उभे आहात, पाठीवर डब्याची पेटी घेऊन मोटरसायकलवर आहात, हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहात. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर मूळ पगार किती आणि भत्ते किती ते आज रात्री बघा. चिठ्ठीच मिळत नसेल तर उद्या मागा. पीएफच्या खात्यात मालकाचा हप्ता खरंच पडतोय का ते मोबाईलवर दिसतं, ते बघा. आईला, मावशीला, शेजारच्या आबांना त्यांचं बघून द्या. वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना झाल्यावर एक तास हे काम करता येईल. एक टेबल, एक वही, एक दहावी शिकलेला पोरगा. आम्ही आमच्या विहारात सुरू केलंय.

कविता त्यानंतर वाचू. पहिल्या रविवारी अकरा चिठ्ठ्या तपासल्या, सातांत खोट निघाली.

जय भीम.